लिनक्समधील पॅकेज-व्यवस्था : यंत्राची ओळख आणि सूचीचा वेग

(व्याख्यानाचा मजकूर)



दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात एखाद्या मिळकतीचा शोध घ्यावयाचा असला, तर कोणी सारे दस्त उघडून वाचीत बसत नाही. प्रथम सूची क्रमांक दोन पाहिली जाते. तीत मिळकतीचे वर्णन, पक्षकारांची नावे, मोबदला, नोंदणीची तारीख इतकाच सारांश असतो. गाव आणि वर्ष ठाऊक असले म्हणजे शोधाचा पसारा आटोक्यात येतो आणि हवा तो दस्त तेवढा बाहेर काढला जातो. सूची नीट ठेवलेली नसेल, किंवा शोध घेणाराने गावच चुकीचे सांगितले असेल, तर मूळ दस्त कपाटात सुरक्षित असूनही सापडत नाही. अथवा भलताच हाती येतो.

लिनक्स या संगणक प्रणालीत नवे सॉफ्टवेअर बसविण्याची जी व्यवस्था आहे, ती याच तत्त्वावर चालते. लिनस टोर्व्हाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्सचा गाभा प्रसिद्ध केला. त्या गाभ्याभोवती हजारो आज्ञावल्या जमवून, तपासून, एकत्र बांधून देण्याचे काम निरनिराळ्या संस्था व स्वयंसेवकांचे समूह करतात. डेबियन, फेडोरा, उबुंटू, ओपन-सुसे ही त्यांपैकी काही वितरणांची नावे. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या संस्थेने भारतीय भाषांच्या सोयींसह तयार केलेली बॉस ही प्रणालीही डेबियनवरच आधारलेली आहे. या वितरणांत प्रत्येक आज्ञावली एका गठ्ठ्याच्या रूपाने मिळते. त्या गठ्ठ्यालाच पॅकेज म्हणतात. गठ्ठ्यात प्रत्यक्ष संचिका असतात आणि सोबत एक वर्णनपत्र असते : नाव काय, आवृत्ती कोणती, कोणत्या जातीच्या यंत्रासाठी बांधले आहे, आणि चालण्यासाठी आणखी कोणती पॅकेजे लागतात. अशी सर्व वर्णनपत्रे एकत्र करून भांडाराची सूची तयार होते. तिला मेटाडेटा म्हणतात. सूची वाचून योग्य पॅकेज निवडणे, आणणे व बसविणे हे काम करणारी आज्ञावली म्हणजे पॅकेज मॅनेजर.

या व्यवस्थेचा विस्तार किती झाला आहे, हे दोन आकड्यांवरून कळते. डेबियनची १.१ ही आवृत्ती १९९६ मध्ये निघाली तेव्हा तीत ४७४ पॅकेजे होती. ऑगस्ट २०२५ मध्ये निघालेल्या तेराव्या आवृत्तीत ती ६९,८३० आहेत. चारशे नोंदींची सूची कशीही ठेवली तरी चालते. सत्तर हजारांच्या घरातील नोंदी मात्र प्रत्येक संगणकाने वारंवार मागवायच्या आणि वाचायच्या म्हटल्या, म्हणजे सूची कशी ठेवावी हाच मुख्य प्रश्न होऊन बसतो.

पॅकेज या यंत्रावर चालेल का, आणि ते किती लवकर कळेल, हे दोन प्रश्न सामान्यतः वेगवेगळे मानले जातात. वास्तविक ते एकच आहेत. कोणते वाचायचे नाही हे जितके आधी ठरेल तितका वेग वाढतो, आणि ते ठरविण्याचा पहिला आधार म्हणजे यंत्राची जात.

यंत्राची जात

विहिरीवरचा थ्री-फेज पंप घरातल्या सिंगल-फेज जोडणीवर चालत नाही, यात पंप वाईट आहे असे कोणी म्हणत नाही. प्रोसेसरचेही तसेच आहे. प्रत्येक कुळातील प्रोसेसरला ठराविक यांत्रिक आज्ञाच कळतात. प्रोग्रामरने लिहिलेला मूळ मजकूर सर्वांना सारखाच. परंतु तो प्रत्येक कुळासाठी वेगळा संकलित करावा लागतो. टेबलावरच्या बहुसंख्य संगणकांतील प्रोसेसर इंटेलच्या कुळातले असतात. मोबाईल फोन आणि रास्पबेरी पाय यांसारख्या छोट्या संगणकांत आर्म कुळातले असतात. एका कुळासाठी बांधलेले पॅकेज दुसऱ्यावर चालत नाही. प्रोसेसरच्या या जातीलाच संगणकाच्या परिभाषेत आर्किटेक्चर म्हणतात.

नावांचा घोळ येथूनच सुरू होतो. इंटेलने १९८५ मध्ये ८०३८६ हा ३२ बिटांचा प्रोसेसर आणला. म्हणून डेबियनमध्ये त्या कुळाला आय३८६ म्हणतात. त्याच कुळाचा ६४ बिटांचा विस्तार प्रथम एएमडी या कंपनीने केला आणि तो असलेला ऑप्टेरॉन प्रोसेसर एप्रिल २००३ मध्ये बाजारात आला. इंटेलने पुढे तोच विस्तार स्वीकारला. परंतु डेबियन व उबुंटू यांनी त्याला दिलेले एएमडी६४ हे नाव कायम राहिले. फेडोरा व रेड हॅट त्याच वस्तूला एक्स८६-६४ म्हणतात. परिणाम असा की, ज्याच्या संगणकावर इंटेलचे चिन्ह चिकटविलेले आहे तो एएमडी६४ असे लिहिलेले पॅकेज पाहून ते आपले नव्हे असे समजतो आणि चुकीचे पॅकेज उतरवून घेतो. नाव जन्मदात्याचे आहे, मालकाचे नव्हे, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुरे.

काही पॅकेजांना जात नसतेच. अक्षरांचे टंक, शब्दसूची, मदतीची पाने यांत प्रोसेसरने पाळावयाच्या आज्ञा नसतात. मराठी मजकूर दाखविण्यासाठी वापरला जाणारा लोहित हा टंक इंटेलच्या यंत्रावर आणि आर्मच्या यंत्रावर एकच असतो. अशा पॅकेजांवर डेबियनमध्ये ‘ऑल’ आणि आरपीएम पद्धतीत ‘नोआर्च’ अशी खूण असते.

आता पॅकेज मॅनेजर ही जात जुळवतो कशी, हे पाहू. लिनक्सच्या जगात दोन मोठ्या परंपरा आहेत. डेबियनच्या घराण्यात डीपीकेजी हे प्रत्यक्ष बसविणारे साधन, आणि त्याच्या वर सूची हाताळणारे ॲप्ट. रेड हॅटच्या घराण्यात १९९५ मध्ये निघालेले आरपीएम हे बसविणारे साधन, आणि त्याच्या वर पूर्वी यम, आता डीएनएफ. या दोघांचा स्वभाव अगदी निराळा आहे.

डीपीकेजीचा नियम कडक. ते प्रोसेसरला काही विचारीत नाही. स्वतः ज्या आर्किटेक्चरसाठी बांधले गेले, तीच त्या संपूर्ण प्रणालीची जात असे ते मानते. पॅकेजवर तेच नाव असेल किंवा ‘ऑल’ असेल तर स्वीकार. अन्यथा आर्किटेक्चर जुळत नाही असा शेरा मारून परत. ३२ बिटांची आज्ञावली ६४ बिटांच्या इंटेल यंत्रावर प्रत्यक्षात चालू शकते. तरीही प्रशासकाने ती परकी जात स्वतंत्रपणे नोंदवल्याशिवाय डीपीकेजी तिला आत घेत नाही. ही नोंदणीची सोय मल्टिआर्च या नावाने डेबियनच्या सातव्या आवृत्तीत, २०१३ मध्ये आली. तेव्हापासून एकाच ग्रंथालयाच्या दोन जातींच्या प्रती शेजारी शेजारी नांदू शकतात, कारण प्रत्येकीच्या संचिका आर्किटेक्चरच्या नावाच्या वेगळ्या कप्प्यात ठेवल्या जातात.

आरपीएमचा नियम श्रेणीचा. ते चालू गाभ्याला व प्रोसेसरला विचारून यंत्राची ओळख पटविते आणि मग स्वतःजवळची अनुरूपतेची उतरंड पाहते : आय६८६ च्या यंत्राला आय६८६ चे पॅकेज सर्वांत उत्तम, ते नसल्यास आय५८६, नंतर आय४८६, नंतर आय३८६, आणि शेवटी नोआर्च. एकाच आवृत्तीची दोन पॅकेजे समोर आली तर उतरंडीत वरचे ते निवडायचे. पूर्वी रेड हॅटच्या वितरणात बहुतेक सर्व पॅकेजे आय३८६ ची असत. गाभा आणि मूळ ग्रंथालये यांसारखी, वेगाचा खरोखर फायदा होणारी मोजकी पॅकेजे तेवढी आय६८६ मध्येही मिळत. ही काटकसर शहाणपणाची होती. सारे भांडार दुप्पट न करता, जेथे लाभ आहे तेथेच दुसरी प्रत ठेवली गेली.

परंतु उतरंडीत लवचिकपणा आला की अनवधानालाही जागा मिळते. ६४ बिटांची यंत्रे नवी होती त्या काळात यमला एखादे पॅकेज मागितले, तर ते ६४ बिटांचे आणि ३२ बिटांचे अशी दोन्ही बसवीत असे. जागा दुप्पट, पुढची प्रत्येक सुधारणाही दुप्पट. पुढे ‘उत्तम तेवढेच’ हे धोरण प्रचलित झाले. तसेच, गाभा ६४ बिटांचा आणि बाकीची प्रणाली ३२ बिटांची अशी मिश्र स्थिती असेल, तर यंत्राला विचारणारी पद्धत फसते. प्रणालीला विचारणारी डीपीकेजीची पद्धत फसत नाही. उलट, एका कुळातील अधिक सक्षम प्रोसेसरचा लाभ आपोआप घेणे आरपीएमला साधते, कडक नियमाला ते साधत नाही.

पाटी जुळते, तरी काम अडते

जात ओळखण्याचा सारा डोलारा पॅकेजवरील एका शब्दावर उभा आहे. तो शब्द ढोबळ असेल तर काय होते, याचे सर्वांत बोधप्रद उदाहरण रास्पबेरी पायचे आहे.

फेब्रुवारी २०१२ मध्ये विक्रीस आलेल्या पहिल्या रास्पबेरी पायमध्ये आर्मच्या सहाव्या पिढीच्या रचनेचा प्रोसेसर होता. त्यात दशांश गणिताचा स्वतंत्र विभाग होता. डेबियनमध्ये त्या वेळी आर्मसाठी दोन मार्ग होते. एक आर्मईएल : तो या यंत्रावर चाले, पण दशांश गणिताच्या विभागाचा पुरेसा उपयोग करून घेत नसे. दुसरा आर्मएचएफ : तो त्या विभागाचा पूर्ण लाभ घेई, परंतु त्याला किमान सातव्या पिढीचा प्रोसेसर लागे. रास्पबेरी पाय दोहोंच्या मधोमध अडकला. तेव्हा काही स्वयंसेवकांनी डेबियनचे सारे भांडार सहाव्या पिढीसाठी, दशांश गणिताच्या विभागासह, नव्याने संकलित केले. हेच रास्पबियन. काम प्रचंड होते आणि त्याचा लाभ जगभरातील शाळांना झाला.

मात्र आर्किटेक्चरचे नाव आर्मएचएफ हेच राहिले. म्हणजे डेबियनचा आर्मएचएफ सातव्या पिढीचा, रास्पबियनचा आर्मएचएफ सहाव्या पिढीचा, आणि पाटी एकच! एखाद्याने डेबियनच्या भांडारातील आर्मएचएफ पॅकेज जुन्या रास्पबेरी पायवर बसविले, तर डीपीकेजी विनातक्रार ते स्वीकारते. पाटी जुळलेली असते. आज्ञावली चालू करताच मात्र प्रोसेसरला न कळणारी आज्ञा आल्याचा दोष येऊन ती बंद पडते. वापरणाराला वाटते, यंत्र बिघडले. यंत्र ठीक असते, पॅकेजही ठीक असते. दोहोंमधला शब्द अपुरा असतो.

याच यंत्राच्या बाबतीत दुसरा एक घोटाळा अलीकडचा आहे. २०२३ पासून रास्पबेरी पाय ४ वर ३२ बिटांची प्रणाली असली तरी गाभा ६४ बिटांचा चालू लागला. गाभ्याला जात विचारली तर उत्तर ६४ बिटांचे, डीपीकेजीला विचारली तर उत्तर आर्मएचएफ. अशा यंत्रावर कोणते पॅकेज घ्यावे, याचा निर्णय डीपीकेजीच्या उत्तरावरून करावा.

इंटेल कुळातही तोच पेच आता उभा राहिला आहे. २००३ चा ६४ बिटांचा प्रोसेसर आणि आजचा प्रोसेसर यांत कितीतरी नव्या आज्ञांची भर पडली आहे. २०२० मध्ये एएमडी, इंटेल, रेड हॅट आणि सुसे यांच्या अभियंत्यांनी मिळून या कुळाचे चार स्तर ठरविले. रेड हॅटच्या व्यावसायिक वितरणाच्या नवव्या आवृत्तीने २०२२ मध्ये दुसरा स्तर किमान मानला. मे २०२५ मधील दहाव्या आवृत्तीने तिसरा. इंटेलच्या बाजूला हा तिसरा स्तर २०१३ मध्ये आलेल्या हॅसवेल पिढीपासून आढळतो. त्याआधीच्या यंत्राची पाटी एक्स८६-६४ आणि पॅकेजांची पाटीही एक्स८६-६४. तरी ती प्रणाली त्यावर सुरू होत नाही.

यावर उपाय निघत आहेत. २०२३ मध्ये आलेल्या आरपीएमच्या ४.१९ या आवृत्तीत हे स्तर स्वतंत्र नावांनी ओळखण्याची सोय झाली. अल्मालिनक्स या वितरणाने आपल्या दहाव्या आवृत्तीत जुन्या यंत्रांसाठी दुसऱ्या स्तराची वेगळी प्रत ठेवली. उबुंटूने ऑक्टोबर २०२५ च्या आवृत्तीत तिसऱ्या स्तराची वेगळी पॅकेजे ‘एएमडी६४-व्ही३’ या नावाने देण्यास प्रारंभ केला. हे स्वागतार्ह खरे. पण प्रत्येक नवे नाव म्हणजे भांडारात आणखी एक प्रत आणि आणखी एक सूची. नेमकेपणाची किंमत सूचीच्या वजनात मोजावी लागते. तेव्हा आता सूचीकडेच वळले पाहिजे.

सूचीचा भार

यम या साधनाचा इतिहास यासाठी पाहण्यासारखा आहे. यलो डॉग लिनक्स हे पॉवरपीसी प्रोसेसरच्या यंत्रांसाठी निघालेले वितरण होते. त्याचे अद्ययावतीकरणाचे साधन घेऊन अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात सेठ विदाल आणि मायकेल स्टेनर यांनी ते नव्याने घडविले, तेच यम. विद्यापीठातील अनेक यंत्रे सांभाळण्याच्या गरजेतून ते निर्माण झाले होते. आरंभी यमची पद्धत अशी होती की, भांडारातील प्रत्येक पॅकेजचे वर्णनपत्र वेगळी छोटी संचिका म्हणून मागवायचे. हजारो पॅकेजे म्हणजे हजारो मागण्या. एकेका मागणीत मजकूर थोडा असला तरी प्रत्येक वेळी जाण्यायेण्याचा वेळ लागतोच. तालुक्याहून शंभर दाखले आणायचे, आणि प्रत्येकासाठी वेगळी फेरी मारायची, तसला हा प्रकार.

२००४ च्या सुमारास हा प्रकार बदलला. सर्व वर्णने तीन मोठ्या संचिकांत एकत्र केली गेली. पहिली प्राथमिक : नाव, आवृत्ती, आर्किटेक्चर, अवलंबने. दुसरी संचिका-यादी : प्रत्येक पॅकेजात असलेल्या एकूण एक संचिकेचे नाव. तिसरी इतर : बदलांचा इतिहास. या तिन्हींची ओळख, आकार आणि तपासणीचा ठसा सांगणारी एक छोटी मुखपत्रिका वर असते. संगणक प्रथम फक्त ती मुखपत्रिका आणतो. ठसे पूर्वीचेच असतील तर पुढे काही आणण्याची गरजच नाही. ही विभागणी मोठी दूरदृष्टीची होती. तथापि मजकूर लांबलचक एक्सएमएल स्वरूपात होता आणि तो वाचण्यात यंत्राचा पुष्कळ वेळ जाई. म्हणून नंतर भांडाराच्या ठिकाणीच तयार माहितीकोश बनवून ठेवण्याची प्रथा पडली. एकदा एका ठिकाणी केलेले श्रम लाखो ठिकाणी वाचले.

तिन्हींत वजनदार ती संचिका-यादी. तिचा उपयोग क्वचितच होतो : अमुक नावाची संचिका कोणत्या पॅकेजात आहे, असे कोणी विचारले, किंवा एखाद्या पॅकेजने दुसऱ्याच्या नावाऐवजी एखाद्या संचिकेच्या मार्गावर अवलंबन नोंदविले, तरच. प्राथमिक यादीत नेहमी लागणाऱ्या मार्गांची नावे आधीच घातलेली असतात. असे असूनही फेडोरामध्ये वर्षानुवर्षे ही जड यादी प्रत्येकाच्या माथी मारली जात होती. एप्रिल २०२४ मध्ये आलेल्या फेडोरा ४० मध्ये ती आपोआप न उतरविण्याचा निर्णय झाला. डेबियनमध्ये संचिकांची यादी पहिल्यापासूनच वेगळी असून ती मागेल त्यालाच मिळते. या एका मुद्द्यावर डेबियनची जुनी रचना अधिक विचारपूर्वक होती, असे म्हणण्यास हरकत नाही.

डेबियनच्या भांडारात सूची आर्किटेक्चरवार वेगळी ठेवलेली असते. एएमडी६४ च्या यंत्राला आर्मची सूची पाहावीच लागत नाही. तेराव्या आवृत्तीत अधिकृत आर्किटेक्चरे सात आहेत; त्यांतील एकाच सूचीशी सामान्य यंत्राचा संबंध येतो. फेडोरातही भांडाराच्या पत्त्यातच आर्किटेक्चरचे नाव गुंफलेले असते. गाव आधी सांगितले की इतर गावांची पाने उलटावी लागत नाहीत, तेच हे.

येथे एक गोष्ट अनेकांच्या नजरेतून सुटते. मल्टिआर्चची सोय चालू करून ३२ बिटांची परकी जात नोंदविली, की ॲप्ट दोन्ही जातींच्या सूची प्रत्येक वेळी आणू लागते. जातिविरहित ‘ऑल’ पॅकेजांच्या नोंदी प्रत्येक आर्किटेक्चरच्या सूचीत पुन्हा पुन्हा दिलेल्या असल्यामुळे त्याही दोनदा येतात. एखाद्या जुन्या छपाईयंत्राच्या चालकासाठी ही नोंदणी कोणीतरी केलेली असते, ते यंत्र केव्हाच मोडीत गेलेले असते, आणि दुप्पट सूची मात्र येतच राहते. काही बाहेरची भांडारे फक्त ६४ बिटांची असतात. तेथे ३२ बिटांची सूची नाही अशी सूचना दर वेळी दिसते व वापरणारा गोंधळतो. ज्या भांडारातून जी जात हवी तेवढीच त्या भांडाराच्या नोंदीत लिहिण्याची सोय आहे. ती वापरावी, गरज संपलेली परकी जात काढून टाकावी.

बदललेला भागच तेवढा आणावा, हा दुसरा मार्ग. डेबियनने सूचीतील फरकांच्या छोट्या संचिका देण्याची पद्धत बऱ्याच पूर्वी सुरू केली. फेडोराने २०१९ मध्ये, तिसाव्या आवृत्तीत, सूची तुकड्यातुकड्यांत विभागून फक्त बदललेले तुकडे आणण्याची झेडचंक ही पद्धत स्वीकारली. ही पद्धत सर्वत्र लाभदायक ठरते असे नाही. रोज सुधारणा करणाऱ्या, पण मंद जोडणीच्या यंत्राला फरक आणणे उत्तम. महिनाभर बंद राहिलेल्या यंत्राला मात्र इतके फरक जमलेले असतात की, ते एकापाठोपाठ एक लावण्यापेक्षा पूर्ण सूची आणणे लवकर होते. जलद जोडणी आणि दुबळा प्रोसेसर असेल तर फरक लावण्याचे गणितच वेळ खाते. शहरातल्या कार्यालयात बसून ही सोय निरुपयोगी म्हणणारे आणि खेड्यातल्या शाळेत तिला दुवा देणारे, दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात.

वेगाच्या मागे लागताना सूचीचा खरेपणा सुटता कामा नये. डेबियनमध्ये मुखपत्रिकेवर सांकेतिक स्वाक्षरी असते. मुखपत्रिकेत सूचींचे ठसे, सूचीत पॅकेजांचे ठसे. म्हणून एका स्वाक्षरीच्या पडताळणीने सत्तर हजार पॅकेजांची हमी मिळते. यात एक अडचण होती. संगणकाने मुखपत्रिका आणली आणि सूची आणेपर्यंत भांडारात नवी सूची येऊन बसली, तर ठसा जुळत नसे आणि सारे काम थांबे. त्या दोषाचा संदेश पाहून भांडारात कोणी ढवळाढवळ केली की काय, अशी शंका येई. २०१६ पासून ॲप्ट सूची नावाने न मागता तिच्या ठशानेच मागू शकते. जुन्या ठशाची सूची भांडारात काही काळ राखून ठेवलेली असते. त्यामुळे हा लपंडाव थांबला.

निवड

सूची हाती आल्यावर निर्णय उरतो. एका पॅकेजला दुसरे लागते, दुसऱ्याला तिसऱ्याची विशिष्ट आवृत्ती लागते, तिसऱ्याचे चौथ्याशी वैर असते. या सर्व अटी पुऱ्या होतील अशी निवड शोधणे हे गणिताच्या दृष्टीने अत्यंत अवघड प्रश्नांच्या वर्गात मोडते, असे २००६ मध्ये युरोपातील संशोधकांनी दाखवून दिले. ओपन-सुसेने जून २००८ मधील ११.० या आवृत्तीत तर्कशास्त्रातील सिद्ध पद्धती वापरणारे नवे साधन आणले. त्याने सूचीचे स्वरूपही बदलले : प्रत्येक शब्द एकदाच साठवायचा आणि पुढे सर्वत्र त्याचा क्रमांक वापरायचा. शब्दांऐवजी क्रमांकांची तुलना झाल्याने काम झपाट्याने होऊ लागले. फेडोराने २०१५ मध्ये यमच्या जागी आणलेल्या डीएनएफने हेच साधन स्वीकारले. ॲप्टही सूची एकदा वाचून तिचे यंत्राला थेट वाचता येईल असे रूप जवळ ठेवते. जात न जुळणाऱ्या नोंदी या टप्प्यापूर्वीच गळालेल्या असल्या, तर अवघड गणित पुष्कळ लहान होते.

शाळा आणि कार्यालये यांच्या दृष्टीने

संगणक-कक्षात वीस यंत्रे असतील आणि प्रत्येक यंत्र तीच सूची व तीच पॅकेजे बाहेरून मागवीत असेल, तर जोडणी कितीही चांगली असली तरी ती तुंबते. एका यंत्रावर ॲप्ट-कॅशर-एनजी यासारखे साठवणीचे साधन ठेवले, म्हणजे पहिल्या यंत्राने आणलेली प्रत उरलेल्या एकोणिसांना कक्षातच मिळते. मात्र वीसही यंत्रांवर एकच वितरण, एकच आवृत्ती आणि एकच आर्किटेक्चर असेल तरच हा लाभ पुरता मिळतो. दहा यंत्रांवर ३२ बिटांची आणि दहांवर ६४ बिटांची प्रणाली असेल, तर साठवण दोन प्रतींची होते.

आणि येथेच ३२ बिटांच्या जुन्या यंत्रांचा प्रश्न येतो. फेडोराने २०१९ मध्ये, ३१ व्या आवृत्तीपासून, ३२ बिटांच्या इंटेल यंत्रांसाठी गाभा देणे बंद केले. डेबियनच्या तेराव्या आवृत्तीपासून आय३८६ हे पूर्ण आर्किटेक्चर राहिलेले नाही. ६४ बिटांच्या यंत्रावर जुन्या ३२ बिटांच्या आज्ञावल्या चालविण्यापुरते ते उरले आहे, आणि खऱ्या ३२ बिटांच्या यंत्रांनी या आवृत्तीकडे वळू नये असे डेबियननेच सांगितले आहे. तेव्हा ३२ बिटांची प्रणाली असलेल्या यंत्राला नवी आवृत्ती मिळत नाही, असे दिसून आले की ते कालबाह्य ठरवून जडवस्तू नोंदवहीतून त्याच्या निर्लेखनाचा प्रस्ताव तयार होण्याचा संभव असतो.

प्रस्तावावर सही होण्यापूर्वी एक तपासणी अवश्य करावी. प्रणाली ३२ बिटांची असणे म्हणजे प्रोसेसर ३२ बिटांचा असणे नव्हे. इंटेलचा कोअर २ ड्युओ हा २००६ चा प्रोसेसर ६४ बिटांचा आहे. परंतु त्या काळी असल्या पुष्कळ यंत्रांवर ३२ बिटांचीच प्रणाली घातली जाई. लिनक्सवर ‘एलएससीपीयू’ ही आज्ञा दिल्यास प्रोसेसर कोणत्या पद्धतींत चालू शकतो, हे एका ओळीत कळते. तेथे ६४ बिट असा उल्लेख असल्यास यंत्र डेबियनच्या एएमडी६४ आवृत्तीस पात्र आहे. रेड हॅटच्या दहाव्या आवृत्तीस मात्र नाही, कारण तिला तिसरा स्तर लागतो. २००८ च्या सुमारास स्वस्त लहान लॅपटॉपांत येणारा ॲटम एन२७० यासारखा प्रोसेसर खरोखरच ३२ बिटांचा आहे. त्याला हा मार्ग नाही.

पात्र यंत्रावर चालू प्रणालीची जात बदलण्याचा प्रयत्न करू नये. ते करता येते; पण एकूण एक पॅकेज बदलावे लागत असल्याने मध्येच अडकण्याचा धोका असतो. विद्यार्थ्यांचे काम दुसरीकडे उतरवून घेऊन ६४ बिटांची प्रणाली नव्याने बसवावी, आणि नोंदवहीतील त्या यंत्राच्या नोंदीपुढे प्रोसेसरचे नाव, तो किती बिटांचा आणि प्रणाली किती बिटांची हे तीन तपशील लिहून ठेवावेत.